नॉक झालेला शत्रू आणि बापाचा यूपीआय पिन

पालक सभेत, ग्रामसभेत किंवा पारावर बंदुकीच्या मोबाईल गेमचा विषय निघाला की निकाल आधीच ठरलेला असतो: बंद करा. पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईल वापरायलाच बंदी घालणारा ठराव केला. पुसद तसं विदर्भात, पण इसापूर धरणाच्या अलीकडच्या काठाला आपलं हिंगोली आहे. असा ठराव आपल्याकडेही व्हावा असं मनापासून वाटणारे सरपंच, मुख्याध्यापक आणि आईबाप मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत सापडतील. त्यांची काळजी खरी आहे. तरी माझं म्हणणं असं की बंदी ज्या जागी घातली जाते तिथे नुकसान होतच नाही, आणि नुकसान जिथे होतं तिथे बंदी पोहोचत नाही. गेम आतून कसा चालतो हे कळल्याशिवाय त्याला लगाम घालता येणार नाही.

नावावर बंदी घालून काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईलसह ११८ ॲप बंद केली. जुलै २०२१ मध्ये तोच गेम बीजीएमआय या नावाने परत आला, जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून उतरवला गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर हा दुसरा बंदुकीचा गेम गेला, तर फ्री फायर मॅक्स होताच. कॉल ऑफ ड्यूटी मोबाईल ऑक्टोबर २०१९ पासून आहे. त्याचं नाव कुठल्याच यादीत आलं नाही. पोरांनी या काळात एक दिवसही खेळ थांबवला नाही. फक्त प्ले स्टोअरऐवजी टेलिग्रामवरून एपीके, म्हणजे ॲपची सुटी फाईल, उतरवून घ्यायला शिकली. खरा तोटा तिथेच झाला. स्टोअरवरचं ॲप निदान तपासलेलं असतं. टेलिग्रामवरच्या एपीकेमध्ये कुणी काय घातलंय ते कळायला मार्ग नाही. तिने मेसेज वाचायची परवानगी मागितली आणि पोराने 'अलाउ' दाबलं, की बँकेचा ओटीपी परक्या माणसाला दिसू लागतो. गेमला आळा बसलाच नाही, उलट घरातलं बँक खातं उघडं पडलं.

हिंसेचा मुद्दा मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यावर सगळ्यात जास्त बोललं जातं आणि हाती सगळ्यात कमी लागतं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये या विषयाचा ठराव सुधारून मांडला. त्यात म्हटलंय की असे गेम आणि ओरडणं, ढकलाढकली यांसारखं आक्रमक वागणं यांच्यात छोटासा पण सातत्याने दिसणारा संबंध आहे. गेममुळे माणूस खऱ्या हिंसाचाराकडे वळतो असं म्हणायला मात्र पुरेसा पुरावा नाही. एरव्ही शांत असणारं लेकरू मॅचच्या वेळी आईवर खेकसतं, हे या छोट्या संबंधात बसतं. ते का खेकसतं, हे मात्र हिंसेच्या चर्चेतून कळत नाही. त्यासाठी मॅच कशी असते ते पाहावं लागेल.

बीजीएमआयची क्लासिक मॅच घ्या. एरँगेल हा नकाशा आठ किलोमीटर लांब, आठ किलोमीटर रुंद. विमानातून १०० जण उतरतात, खेळायची हद्द ठरवणारं निळं वर्तुळ आवळत जातं, आणि शेवटच्या माणसापर्यंत पोहोचायला सुमारे ३० मिनिटं लागतात. पहिली दहा मिनिटं लूट गोळा करण्यात जातात, मधली दहा पळण्यात, आणि खरी लढत शेवटच्या दहात. चौघांचा स्क्वॉड असतो. एकजण उठून गेला तर तिघं अडकतात, त्याचे रँकचे गुण जातात आणि मेरिट नावाचा वागणुकीचा स्कोअरही घसरतो. कॉल ऑफ ड्यूटी मोबाईलच्या मल्टिप्लेअरमध्ये पाचास पाच असतात, टीम डेथमॅच साधारण दहा मिनिटांत संपते. पण सर्च अँड डिस्ट्रॉयमध्ये राउंडला एकच जीव मिळतो. एकजण गायब झाला की उरलेले चार जवळजवळ हरल्यातच जमा. संभाजीनगरच्या गेमिंग कॅफेत पीसीवर काउंटर स्ट्राइक २ खेळणाऱ्यांची रँकची मॅच १३ राउंड जिंकेपर्यंत चालते, म्हणजे सहज ३० ते ४५ मिनिटं.

यात कुठेही 'थांबा' नावाचं बटण नाही. समोर संगणक असता तर खेळ जागच्या जागी थांबवता आला असता, पण इथे समोर माणसं आहेत. आई 'जेवायला ये' म्हणते ती नेमकी बाविसाव्या मिनिटाला. तिच्या दृष्टीने पोरगं मोबाईलला चिकटलंय. पोराच्या दृष्टीने तीन मित्रांना मैदानात सोडून पळून जायचं आहे. कबड्डीच्या सामन्यात चढाई चालू असताना कुणी पोराला हात धरून बाहेर ओढत नाही. हे जे आपण मैदानावर आपोआप पाळतो तेच इथे पाळलं तर घरातली निम्मी भांडणं मिटतील, कारण नियम मिनिटांत न लावता मॅचमध्ये लावता येतो. 'तासभर खेळ' हा नियम हटकून मोडतो, कारण साठावं मिनिट दुसऱ्या किंवा तिसऱ्या मॅचच्या मध्यावर येतं. 'दोन क्लासिक' किंवा 'चार टीम डेथमॅच' हा नियम टिकतो. वेळ जवळपास तेवढाच जातो, पण तो स्वतःच संपतो. गुगलचं फॅमिली लिंक ॲप लावणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. ६० मिनिटांची मर्यादा लावली तर फोन मॅचच्या मध्येच कुलूपबंद होतो आणि भांडण ठरलेलंच. दोन क्लासिकसाठी ७० मिनिटं लावा. मॅच जुळेपर्यंत लॉबीत थांबायचा वेळही त्यात येतो.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून टीव्ही-मोबाईल दीड तास बाजूला ठेवण्याची रीत सुरू केली. बंदीपेक्षा ही कल्पना कितीतरी शहाणपणाची आहे, कारण ती मोठ्यांनाही लागू होते. मराठवाड्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीने ती उचलली तर एक भर घालावी: भोंगा दोनदा वाजवावा. साडेसहाच्या थोडं आधी वाजणारा पहिला भोंगा नवी मॅच सुरू करायची नाही यासाठी, आणि सातचा फोन ठेवण्यासाठी. मध्ये ३५ मिनिटं असली की फोनवरची चालू मॅच संपते आणि नियम पाळायला पोराकडे कारण उरतं.

'अजून एकच' हा शब्द घराघरात ऐकू येतो, त्याच्या मुळाशी दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही पोराच्या स्वभावातल्या नाहीत. पहिली नेटची. पडद्याच्या कोपऱ्यात पिंगचा आकडा दिसतो. आपण चाप दाबल्याची खबर सर्व्हरला जाऊन उत्तर परत यायला किती मिलिसेकंद लागले, तो हा आकडा. एके-४७ मिनिटाला ६०० गोळ्या झाडते, म्हणजे दोन गोळ्यांत १०० मिलिसेकंदांचं अंतर. गेममध्ये समोरचा चार-पाच गोळ्यांत पडतो. एकाचं पिंग ४० आणि दुसऱ्याचं १४० असेल तर दुसरा जवळजवळ एका गोळीने मागे आहे. त्याने आधी पाहिलं, आधी चाप दाबला, तरी मरायचा तोच. अंतर याला कारण नाही. नांदेड-मुंबई सहाशे किलोमीटर धरले तरी फायबरमधून प्रकाशाला एका दिशेने तीन मिलिसेकंद पुरतात. कारण संध्याकाळी आठला गावातल्या एकाच टॉवरवर अख्खं गाव चढलेलं असतं. त्यात लाईट गेली की घरचं राउटर बंद पडतं, फोन वायफायवरून मोबाईल डेटावर उडी मारतो, आणि मॅचच्या मधोमध आकडा लाल होतो. असं हरलेलं पोरगं 'मी हरलो' असं मानत नाही, 'नेटने हरवलं' म्हणतं, आणि गेलेले गुण भरून काढायला पुन्हा बसतं. हिरव्या आकड्याशिवाय रँकची मॅच लावायची नाही, तीन अंकी पिंग असेल तर साधी मॅच खेळ नाहीतर फोन ठेव, एवढा एक नियम त्याला पटतो, कारण तो त्याच्याच फायद्याचा आहे. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस हजार-दीड हजारात मिळतो. तो गेमसाठी घ्या असं मी म्हणत नाही, पण ऑनलाईन तासाला बसणाऱ्या घरात तो असावाच.

दुसरी गोष्ट गेम बनवणाऱ्यांनी जाणूनबुजून केलेली आहे. नव्या खेळाडूच्या पहिल्या मॅचमध्ये समोर बरेचसे बॉट असतात, म्हणजे संगणकाने चालवलेले बाहुले. ते उभे राहतात, नेम चुकवतात आणि मरतात. पोराला वाटतं आपल्या हातात कला आहे. रँक चढली की बॉट कमी होतात, तोडीस तोड माणसं येतात आणि जिंकणं अवघड होत जातं. तेवढ्यात सीझन संपतो, रँक खाली ढकलली जाते, आणि तीच चढण पुन्हा चढायची. हे मुलांना समजावून सांगितलं तर ती ऐकतात. 'गेम वाईट आहे' असं म्हटलं तर ऐकत नाहीत, कारण गेम चांगला बनवलेला आहे हे त्यांना ठाऊक असतं.

मराठवाड्यात या सगळ्याचा फटका कुठे बसतो ते नीट पाहा. बीड, लातूर, परभणी, नांदेडकडे सैन्य आणि पोलीस भरतीची तयारी करणारी हजारो पोरं पहाटे पाचला मैदानावर असतात. अग्निवीरच्या चाचणीत १.६ किलोमीटर ५ मिनिटं ३० सेकंदांच्या आत धावलं तर ६० पैकी ६० गुण, दहा पुलअप्सना ४०. वेळ काही सेकंदांनी वाढला तरी गुण खाली येतात. हीच पोरं रात्री दहा ते एक रँक पुश करतात, म्हणजे रँक वाढवायला खेळतात, कारण तेव्हा टॉवर मोकळा असतो, पिंग हिरवं असतं आणि स्क्वॉडमधले सगळे रिकामे असतात. झोप चार तास. धावण्याचा वेळ कमी होत नाही म्हणून मग पावडरी आणि गोळ्यांचा शोध सुरू होतो. भरती अकॅडमीच्या मास्तरांनी आहाराच्या तक्त्याशेजारी एक ओळ लिहावी: रात्री साडेनऊनंतर रँकची मॅच नाही. फोन काढून घ्यायची गरज नाही. पहाटेच्या स्टॉपवॉचवर फरक दिसला की पोरगं स्वतः पाळतं.

आणि याच पोरांसाठी सगळ्यात गंभीर गोष्ट पुढे आहे. सैनिकी शूटर गेम युद्धाचं जे चित्र डोळ्यांपुढे उभं करतो ते किती खोटं आहे, याची चर्चा आपल्याकडे होत नाही. रक्त दिसतं म्हणून आपण बिचकतो; खरं तर जे दिसत नाही त्याने बिचकायला हवं.

२००५ च्या कॉल ऑफ ड्यूटी २ पासून या मालिकेत जखम आपोआप भरते: भिंतीआड काही सेकंद थांबा, पडदा लालचा स्वच्छ होतो, पुन्हा पळा. खऱ्या माणसाच्या मांडीची मोठी रक्तवाहिनी फुटली तर काही मिनिटांत जीव जातो; जखमेच्या वर दोन-तीन इंचांवर पट्टा करकचून आवळावा लागतो आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवावी लागते. गेममध्ये बंदुकीचं अर्धं भरलेलं मॅगझिन बदललं तर उरलेल्या गोळ्या आपोआप साठ्यात जमा होतात. सैनिकाला मोजत राहावं लागतं. या चुका खेळाच्या सोयीसाठी केलेल्या आहेत, त्या माफ करता येतील.

'नॉक'ची गोष्ट वेगळी आहे. बीजीएमआयमध्ये गोळ्या लागलेला खेळाडू लगेच मरत नाही. तो खाली पडतो, गुडघ्यांवर रांगतो, त्याच्या हातात बंदूक राहत नाही. त्याचा साथीदार येऊन त्याला उठवू शकतो, म्हणून शहाणा खेळाडू आधी त्याला 'फिनिश' करतो आणि मग पुढे जातो. खेळाच्या हिशोबात ते बरोबरच आहे. पण जखमी होऊन पडलेल्या, हत्यार सुटलेल्या शत्रूला मारणं हा १९४९ च्या जिनिव्हा करारांचा भंग आहे. ज्याला लढता येत नाही त्याला मारायचं नाही, जखमीला उचलून उपचार द्यायचे, मग तो शत्रूचा का असेना. भारताने यासाठी १९६० मध्ये जिनिव्हा कन्व्हेन्शन्स ॲक्ट केला. उद्या वर्दी घालणारं पोरगं वयाच्या बारा वर्षांपासून हजारो वेळा हीच हालचाल करत आलेलं असतं आणि तिला नियमाने मनाई आहे हे त्याला एकदाही कुणी सांगितलेलं नसतं. गेम खेळून तो युद्धगुन्हेगार होईल असं मी मुळीच म्हणत नाही. पण नववी-दहावीच्या नागरिकशास्त्राच्या तासाला जिनिव्हा करार शिकवायचा झाला तर 'नॉक झालेल्याला मारायचं का?' या प्रश्नाने सुरुवात करावी. वर्गातलं मागच्या बाकावरचं पोरगंही बोलू लागेल.

युद्धाचे नियम गेममध्ये बसत नाहीत असंही नाही. चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीने २०१७ मध्ये आर्मा ३ या आपल्या युद्धाच्या गेमसाठी 'लॉज ऑफ वॉर' हा भाग काढला, तोही रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीसोबत. त्यात युद्धानंतर गावात सुरुंग काढणाऱ्या माणसाच्या भूमिकेतून तीच लढाई पुन्हा पाहावी लागते. उलट टोकाला २०१९ चा कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर आहे. त्यातल्या एका मोहिमेचं नाव 'हायवे ऑफ डेथ', आणि कथेत तो हल्ला रशियाने केल्याचं सांगितलंय. जगात या नावाने ओळखला जाणारा रस्ता कुवेतहून बसऱ्याकडे जाणारा हायवे ८० आहे. फेब्रुवारी १९९१ मध्ये माघार घेणाऱ्या इराकी ताफ्यावर तिथे बॉम्ब टाकले ते अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या आघाडीने. कथेतला देश काल्पनिक आहे, असं उत्तर निर्मात्यांकडे आहे. पण नाव खरं ठेवून दोष दुसऱ्याच्या माथी मारला की पंधरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात इतिहास तसाच बसतो, आणि तो खोडणारं पुस्तक त्याच्यापर्यंत कधी पोहोचत नाही.

आपल्या मातीतली लढाई तर या मुलांना मुळीच माहीत नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारतीय सैन्य निजामाच्या हद्दीत शिरलं तेव्हा पहिली चकमक नळदुर्गला झाली. बोरी नदीवरचा पूल शत्रूने उडवण्याआधी शाबूत हाती लागणं गरजेचं होतं. सातव्या ब्रिगेडने वेग आणि अचानकपणा यांच्या जोरावर तो धरला आणि पुढचा रस्ता मोकळा झाला. पूल आधी का धरायचा, उंचावर कोण बसलंय, मोकळ्या पुलावर आडोसा कुठला, हे शूटर खेळणाऱ्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. दर १७ सप्टेंबरला झेंडावंदन करून पेढे वाटतात त्याऐवजी एखाद्या शाळेने मुलांना नळदुर्गला नेऊन किल्ला, नदी आणि रस्ता दाखवावा. त्यांना नकाशा वाचता येतो. तो त्यांनी गेममध्येच शिकलाय.

इथे खेळणाऱ्या पोरांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विमानं पाडल्याचे, क्षेपणास्त्रं हवेत उडवल्याचे व्हिडिओ फिरत होते. त्यातले कितीतरी गेममधले होते. केंद्र सरकारच्या पीआयबी या माहिती विभागाच्या फॅक्ट चेकनेही अशा क्लिप खोट्या असल्याचं सांगितलं. पुढे पाठवणाऱ्यांत मोठी माणसं होती, शिकलेली होती. गेम खेळणारं पोरगं असली क्लिप पाच सेकंदांत ओळखतं. बोहेमियाने नोव्हेंबर २०२२ मध्येच आर्माच्या बनावट क्लिप कशा ओळखायच्या ते जाहीर केलं होतं. रात्रीचा अंधार, मुद्दाम धूसर केलेलं आणि हलणारं चित्र, आवाज गायब, हालचाल करणारी माणसं जवळजवळ दिसतच नाहीत, गाड्यांना वजन असल्यासारखं वाटत नाही, धूर आणि ठिणग्या अनैसर्गिक, आणि कधी कोपऱ्यात गेमच्या आकड्यांचा कापायचा राहिलेला तुकडा. हे ज्ञान गावात आहे, फक्त ज्याला आपण 'दिवसभर गेम खेळतो' म्हणून रागावतो त्याच्याजवळ आहे. पुढच्या वेळी ग्रुपवर युद्धाचा व्हिडिओ आला तर पाठवण्याआधी घरातल्या पोराला दाखवा.

आता दुकान. आईबापांना गोळीबार दिसतो, पण फुकटच्या गेमचा सगळा धंदा ज्या पानावर चालतो ते दुकान त्यांनी उघडूनच पाहिलेलं नसतं. बीजीएमआयमध्ये पैसे देऊन यूसी मिळतात, कॉल ऑफ ड्यूटी मोबाईलमध्ये सीपी. रुपयाचं नाव बदललं की खर्चाचं भान सुटतं. यूसी-सीपीतून बंदुकीचा रंग, कपडे आणि सीझनचा पास मिळतो. पासची किंमत ठरलेली असते आणि त्यात काय मिळणार ते आधी दिसतं. घरच्यांनी परवानगी दिली तर त्याला माझी हरकत नाही. हरकत लकी ड्रॉ आणि क्रेटला आहे. क्रेट म्हणजे पैसे देऊन उघडायची पेटी, आत काय निघेल ते नशिबावर. कॉल ऑफ ड्यूटी मोबाईलच्या लकी ड्रॉमध्ये दहा वस्तू मांडलेल्या असतात. पहिला ड्रॉ अगदी किरकोळ किमतीचा, आणि पुढचा प्रत्येक आधीच्यापेक्षा महाग. सगळे बघत असतात ती एकच बंदूक, आणि ती पहिल्या ड्रॉमध्ये निघायची शक्यता नगण्य. पोरगं चार-पाच ड्रॉ करतं, फुटकळ वस्तू निघतात. आता थांबलं तर आधीचे पैसे वाया गेल्यासारखे वाटतात आणि पुढे गेलं तर दर चढलेला असतो.

क्रेटचं गणित दहावीच्या संभाव्यतेच्या धड्यात बसतं. शक्यता एक टक्का असेल तर 'शंभर उघडले की एक मिळणार' असं पोरांना वाटतं. तसं नसतं. शंभर क्रेट उघडल्यावर एकदाही न मिळण्याची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे साधारण ०.३७. शंभर पोरांनी प्रत्येकी शंभर क्रेट उघडले तर सदतीस जण रिकाम्या हाताने परत जातात. निम्मी शक्यता गाठायलाच ६९ क्रेट लागतात. लातूरच्या ट्यूशन एरियात हे गणित सोडवणारं पोरगं संध्याकाळी खोलीवर येऊन तोच क्रेट उघडतं, कारण वर्गात हे उदाहरण कुणी घेतलेलं नसतं.

पैसे जातात कसे, तेही नेमकं समजून घ्यावं. खेड्यात बापाला यूपीआय जमत नाही म्हणून 'दुकानदाराला पाठव रे' असं सांगून फोन आणि पिन दोन्ही पोराच्याच हाती असतात. चोरी म्हणावी अशी गोष्ट त्यात नसते. पिन बापानेच सांगितलेला असतो. शिवाय ऑटोपेची मंजुरी एकदा पिन टाकून दिली की दर महिन्याचे १५,००० रुपयांपर्यंतचे हप्ते पुन्हा पिन न विचारता कापले जाऊ शकतात. म्हणून आज रात्रीच हे करा. प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर टिचकी मारा, सेटिंग्जमध्ये खरेदीची पडताळणी शोधा आणि ती प्रत्येक खरेदीला लावा. त्याच फोटोखालच्या पेमेंटच्या पानावरून जोडलेला यूपीआय आणि कार्ड काढून टाका. मग यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी पाहा. ओळखीचं नसेल ते रद्द करा. शेवटी पिन बदला आणि नवा पिन स्वतः पाठ करा. नकळत खरेदी झालीच असेल तर ४८ तासांच्या आत गुगलकडे परताव्याचा अर्ज करता येतो. नंतर ते अवघड जातं. 'फ्री यूसी'च्या लिंकवर किंवा गेमचा आयडी विकण्याच्या नादात फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर लगेच फोन करा. पोराला मारून तीन दिवसांनी फोन केला तर पैसे पुढच्या खात्यांत गेलेले असतात.

घराने एवढं करावं. पण घरावर सगळं टाकून सरकारला मोकळं सोडता येणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ त्याने बंद केले, ते योग्यच झालं. रमीच्या ॲपने मराठवाड्यातली किती घरं धुतली ते सगळ्यांना ठाऊक आहे. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्याने मान दिला, तेही बरं. पण लकी ड्रॉ आणि क्रेटचं नाव घेऊन त्यात काही म्हटलेलं नाही. तिथे पैसे लागतात, निकाल नशिबावर असतो, आणि हाती येतं ते फक्त चित्र. बेल्जियमने २०१८ मध्येच असले पैशाचे क्रेट जुगार ठरवले. खुद्द कॉल ऑफ ड्यूटीने २०१९ मध्ये आपल्या मोठ्या पीसी-कन्सोल गेममधून ते काढून ठरलेल्या किमतीचा बॅटल पास आणला, आणि धंदा बुडाला नाही. मग फोनवर खेळणाऱ्या आपल्या पोरांच्याच वाट्याला क्रेट का?

वयाची तपासणीही नावापुरती आहे. बीजीएमआय २०२१ मध्ये आला तेव्हा १८ खालच्यांसाठी पालकाच्या नंबरावर ओटीपी, दिवसाला तीन तास आणि दिवसाला ७,००० रुपये अशी मर्यादा जाहीर झाली. जन्मतारीख पोरगं स्वतः टाकतं, आणि ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोन त्याच्याच हातात असतो. ७,००० चा आकडा पुन्हा वाचा. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे लेकराच्या एका दिवसाच्या मर्यादेत मायबापाची २२ दिवसांची मजुरी बसते. ही मर्यादा ठरवणाऱ्याने ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचा फोन डोळ्यांपुढे आणलेला नाही.

डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती घेण्यासह मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत मिळाली. ही मुदत संपेपर्यंत आपल्या खासदारांनी दिल्लीत मागायच्या गोष्टी मोजक्या आहेत. १८ खालच्या खात्यावर लकी ड्रॉ आणि क्रेट मुळातच बंद असावेत. खर्चाची मर्यादा दिवसाची नको, महिन्याची हवी, आणि ती ३०० रुपयांच्या वर नसावी. शक्यतेचे टक्के खरेदीच्या बटणाच्या वरच, मराठीत, रुपयांतल्या किमतीसकट छापलेले असावेत. आणि पालकाचा ओटीपी पोराच्या हातातल्या फोनवर न येता शिधापत्रिकेला जोडलेल्या दुसऱ्या नंबरावर यावा, किंवा गावातल्या सेवा केंद्रात अंगठा लावून संमती देता यावी; रेशनसाठी तो अंगठा आपण दर महिन्याला लावतोच.